वाटेवर मिळालेला कुम

उन्हाळा लागला की याद्रानचं डोकं कायम कुणाच्या तरी गाडीच्या खिडकीत असायचं. समुद्राकडं निघालेल्या गाड्या नोव्हा वारोशचा चढ चढता चढता तापायच्या, शिट्ट्या मारायच्या, आणि बरोबर माझ्या खानावळीसमोरच्या वळणावर, झऱ्याच्या नळापाशी, जीव सोडायच्या. मग हा रस्ताखात्याचा गडी हातातलं फावडं टाकून बादली घेऊन हजर. गाडीत पाणी ओतायचा, पोरांच्या ओंजळीत आलुबुखार घालायचा, आणि निघताना विचारायचा, "कुठले तुम्ही? बोस्नियातल्या तूझ्लाचे तर नाही ना?"

नाही म्हटलं की त्याचा चेहरा जरासा उतरायचा, पण जरासाच. लगेच पुढचा प्रश्न तयार असे. समुद्राचं पाणी सकाळी गार असतं का? खारट म्हणजे लोणच्याच्या पाण्याइतकं, की कमी? ज्या रस्त्यानं दर उन्हाळ्यात अर्धा देश समुद्राला जायचा, त्या रस्त्याचे खड्डे हा भरायचा, आणि स्वतः त्यानं समुद्र पाहिलेला नव्हता. लष्करात गेला तर तिथंही मॅसेडोनियातल्या उजाड टेकड्यांवर नेमणूक झाली. एका बेलग्रेडच्या डॉक्टरीणबाईंनी परत जाताना त्याला फुगवायची गादी दिली होती, समुद्रात तरंगायची. ती फुगवून हा बागेत आलुबुखाराच्या झाडाखाली झोपायचा. डोळे मिटले की लाटा लागतात, म्हणायचा.

मी कोसारा. त्या वळणावर मी आणि माझा नवरा तियोसाव, आम्ही खानावळ चालवली. मला लोकांच्या भानगडीत नाक खुपसायची खोड आहे असं तियोसाव म्हणायचा. खानावळवालीनं नाक खुपसायचं नाही तर काय नुसते कांदे सोलायचे? येणाऱ्याला काय खातोस एवढंच विचारायचं, आणि कुठून आलास, कुणाकडं निघालास, बायको का रुसलीय हे विचारायचं नाही, असा धंदा मला जमला नसता. याद्रानला तूझ्लाचं एवढं वेड का, हे मात्र मला कुणाला विचारावं लागलं नाही. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, कुंपणाआडून.

आमच्याकडं मुलाच्या डोक्यावरची पहिली बट जो कापतो तो त्याचा कुम. नाव तोच ठेवतो, आणि पुढं त्या मुलाच्या लग्नात नवऱ्याशेजारी तोच उभा राहतो. दोन्ही घरचे एकमेकांना कुमच म्हणतात. सख्ख्या भावाशी भांडून वर्षभर अबोला धरता येतो, कुमाशी नाही. याद्रानच्या आईला, मिलुंकाला, आधी दोन मुलगे झाले आणि दोन्ही पाळण्यातच गेले. तिसऱ्या वेळी तिची सासू स्तामेना हट्टालाच पेटली. म्हणाली, "घरचा कुम या घराला लाभत नाही. याला कुम रस्ता देईल." ही आमच्या डोंगरातली जुनी रीत. मूल दुपट्यात गुंडाळून तिठ्यावर ठेवायचं, घरच्यांनी लपून बसायचं, आणि जो पहिला परका माणूस येईल तो कुम. मग तो कुठल्याही धर्माचा असो, कुठल्याही गावचा असो. त्यालाही नाही म्हणता येत नाही.

त्या वर्षी रस्त्यावर नुकतंच डांबर पडलं होतं. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही तिघी आलुबुखाराच्या कुंपणामागं बसलो: हातात कात्री घेऊन स्तामेना, बाळंतपणातून नुकती उठलेली मिलुंका, आणि मी. मिलुंकाचा नवरा ओब्राद, त्याला शेतावर पिटाळला होता, कारण त्याच्या तोंडावर सगळं दिसतं. बाळ वळणावरच्या तिठ्यावर गवतात शांत झोपलेलं. आणि पहिला माणूस आला तो कोण, तर माझाच नवरा, शीळ घालत. परका माणूस पाहिजे, हा कसला परका? स्तामेनानं खडा मारून त्याला असा हाकलला की तो बिचारा दुपारपर्यंत खानावळीच्या मागच्या दारानं ये-जा करत होता. मग शेजाऱ्यांची गाय आली. तिनं दुपटं हुंगलं, मिलुंकानं माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठला, आणि गाय निघून गेली.

आणि मग खालून शिट्टी ऐकू आली.

फिचा होती ती. आमच्याकडची सगळ्यात लहान गाडी, इंजिन मागं असतं, आणि चढावर ते तापू नये म्हणून मागचं झाकण काठी लावून उघडं ठेवतात. वळणाच्या अलीकडं वाफेचा लोट सोडून ती थांबली. एक उंच, बारकासा माणूस डबा घेऊन पाण्याच्या शोधात वर आला. बाळाच्या अगदी शेजारून गेला, नजर नळावर, बाळ त्याला दिसलंच नाही. त्याच्या मागून डोक्याला रुमाल बांधलेली बायको येत होती, दोन मुलींना ओढत. तिला दिसलं.

"हायरो," ती ओरडली, "अरे इकडं ये. कुणी तरी लेकरू टाकून गेलंय."

तिनं बाळ उचललं, डोक्यावरचा रुमाल सोडून त्याच्याभोवती गुंडाळला, आणि त्याच्या आईचा उद्धार सुरू केला. कसल्या काळजाची बाई असेल, हिला देव कसा झोपू देतो, हिला दूध कसं येतं. कुंपणामागं मिलुंका डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून हमसून रडत होती. आम्ही बाहेर कसं पडायचं हेच सुचेना.

"आधी पोलिसांकडं चल," नवरा म्हणाला.

"पोलिसांकडं कशाला?" बायको म्हणाली. "तिथं याला कोण बघणार? आपण नेऊ. आपल्या दोघी आहेत, हा तिसरा."

हे ऐकलं आणि स्तामेना कुंपण फोडून कात्रीसकट रस्त्यावर उडी मारून उभी राहिली. त्या माणसानं डबा टाकला आणि दोन्ही हात वर केले. एवढ्या वर्षांत मी खानावळीत पुष्कळ भांडणं पाहिली, पण इतक्या झटकन हात वर करणारा माणूस पुन्हा पाहिला नाही.

सगळं समजावून सांगेपर्यंत बराच वेळ गेला. एकदा उमगल्यावर त्यानं हात खाली घेतले आणि फार हळू म्हणाला, "आजी, मी मुसलमान आहे. चालेल का तुम्हाला?"

"मी रस्त्याकडं कुम मागितला," स्तामेना म्हणाली. "रस्त्यानं दिलेला मी परत करत नसते. हात धू आणि ही घे कात्री."

त्यानं हात धुतले. बट कापताना त्याचा हात इतका थरथरत होता की त्याच्या बायकोनं, हनिफानं, मनगट धरलं तेव्हा कुठं कापली गेली. मग नाव. त्याला काही सुचेना. ओब्रादला शेतावरून बोलावून आणलं होतं, त्याच्या मनात आजोबांचं नाव ठेवायचं होतं, पण कुमापुढं बापाचं चालत नाही. तेवढ्यात हायरोची धाकटी पोर कंटाळून भोकाड पसरून बसली, "याद्रानला जायचं, मला याद्रानलाच जायचं." याद्रान म्हणजे आमचा समुद्र. हायरोनं एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा बाळाकडं, आणि म्हणाला, "याचं नाव याद्रान." तोवर आमच्या डोंगरात कुणी हे नाव ठेवलं नव्हतं. स्तामेनानं ते दोन-तीनदा तोंडात घोळवलं आणि म्हणाली, चांगलं आहे, लांबचं आहे, मरण याला इथं शोधायला येणार नाही.

गाडीचं दुखणं वेगळंच निघालं. पंख्याचा पट्टा तुटला होता. ओब्राद लाकडाच्या ट्रकवर बसून पट्टा आणायला उझित्सेला गेला, दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं परत आला, दुकानं बंद. तोवर कुमाचं सगळं कुटुंब स्तामेनाच्या घरी. ओब्राद निघायच्या आधीच, पहिल्या जेवणाला तिनं घरात होतं ते सगळं मांडलं होतं, मधोमध डुकराच्या धुरावर सुकवलेल्या मांसाचं ताट. हायरो भाकरी आणि साय खात राहिला, ताटाकडं बघेना. स्तामेनाच्या ध्यानात आलं. तिनं ताट उचललं, माझ्या नवऱ्याच्या पुढ्यात नेऊन आदळलं आणि ओब्रादला कोकरू कापायला धाडलं. माझ्या नवऱ्याला त्या दिवशी सकाळच्या खड्याची भरपाई मिळाली.

शेवटी पट्ट्याच्या जागी काय बांधलं, तर माझा पायमोजा. बेलग्रेडहून आणलेली नायलॉनच्या मोज्यांची एकुलती एक जोडी होती माझी, एकदाच घातलेली. तियोसाव म्हणाला, फिचाला मोजा चालतो, सगळे असंच करतात. मी म्हटलं, सगळ्यांच्या बायका आपले मोजे देतात का? पण दिला. माझा मोजा समुद्र बघून आला असणार, मी अजून नाही गेले. निघताना हायरोनं स्तामेनाच्या हाताचं चुंबन घेतलं आणि ओब्रादला म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात येतो, कुमा." आम्ही सगळे वळणापर्यंत पोचवायला गेलो. गाडीच्या नंबरपाटीवरून तूझ्लाचे एवढंच कळलं होतं; आडनाव कुणी विचारलं नाही, पत्ता कुणी विचारला नाही. कुम येतो म्हणाला, त्याला पत्ता विचारायचा म्हणजे त्याच्या शब्दावर भरवसा नाही असं तोंडावर सांगणं. आमच्याकडं असं कुणी करत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

याद्रान मात्र जगला. गोवर आला, जगला. झाडावरून पडला, जगला. स्तामेना होती तोवर दर जुलैत त्याला धुतलेला सदरा घालून वळणावर बसवायची, आज येईल हो कुम. ती गेली, तरी पोरानं वळण सोडलं नाही. शाळेतून आला की रस्त्यावर, आणि मोठा झाल्यावर नोकरीही रस्त्याचीच धरली. गावातले त्याची टर उडवायचे, "काय रे याद्रान, तुझा कुम अजून पाणीच शोधतोय का?" तो हसायचा. म्हणायचा, "शोधू दे, बादली मी भरून ठेवलीय." मला मात्र राहून राहून वाटायचं, असा हात धुऊन, थरथरत बट कापणारा माणूस शब्द देऊन येत का नाही? वाईट माणूस असता तर मला कळलं असतं. मी त्याला माझा मोजा दिला होता, कुणालाही देत नाही मी.

मग रोसांदा आली. नोव्हा वारोशची पोरगी, शर्टांच्या कारखान्यात कामाला, जिभेला धार. हे दोघं कुठं भेटले, कसे भेटले ते मला माहीत आहे पण इथं सांगत नाही. लग्न ठरलं, आणि ठरल्याबरोबर अडलं. तिचा बाप वुकोमान माझ्याच खानावळीत टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "कुम कोण?"

"हायरो," याद्रान म्हणाला. "तूझ्लाचा."

"तो वाफेतून आला आणि वाफेत गेला. दुसरा बघ."

"कुम काय बूट आहे का काका, बदलायला? तो जिवंत असताना दुसरा कसा घेऊ?"

"जिवंत आहे कशावरून?"

कोपऱ्यात बसलेली मिलुंका पांढरीफटक पडली. पोरगा जगला तो त्या कुमामुळं, हे तिच्या मनात दगडावर कोरल्यासारखं होतं. त्याला डावलून बोहल्यावर चढला तर काय होईल, हे तिनं कधी तोंडानं सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून ती नीट जेवेना. वुकोमान काही दुष्ट नव्हता. त्यालाही पोरीचं लग्न करायचं होतं. त्यानं मुदत दिली: मित्रोवदानचा सण, पहिल्या बर्फाच्या आसपास येतो तो. तोवर कुम आला तर लग्न, नाही तर रोसांदाला बघायला दुसरीकडचे तयारच आहेत.

"मी थांबेन," रोसांदा याद्रानला म्हणाली. "पण म्हातारी झाल्यावर बोहल्यावर काठी टेकत येईन, तेव्हा लाजू नकोस."

तेव्हा आमचा आणि बोस्नियाचा देश एकच होता आणि रस्ते उघडे होते. उन्हाळाभर याद्राननं तूझ्लाची एक गाडी सोडली नाही. बोस्नियाच्या दिशेला जाणारी कुठलीही दिसली, की पाणी घालून झाल्यावर खिडकीत डोकं: तूझ्लात हायरो नावाचा माणूस आहे, उंच, बायको हनिफा, दोन मुली, तेव्हा फिचा होती. त्याला सांगा, नळाच्या वळणावरच्या घरानं आठवण काढलीय, मित्रोवदानच्या आत येऊन जा. लोक तरी किती चांगले. एका शिक्षकानं शाळेत विचारतो म्हणून सांगितलं, एक नर्स म्हणाली इस्पितळात सगळ्यांना विचारीन, एक जाडजूड न्हावी म्हणाला, माझ्या खुर्चीत अर्धं तूझ्ला बसतं, काळजी करू नकोस. ज्यांच्या गाडीत दोन बादल्या पाणी घातलं त्या परक्या लोकांनी हे काम घरचं असल्यासारखं अंगावर घेतलं. एक जोडपं तर परतताना मुद्दाम थांबून सांगून गेलं, दोन हायरो सापडले, दोन्ही बुटके.

माझं त्याच्याशी भांडण झालं ते निरोपावरून. मी म्हटलं, "अरे शहाण्या, लग्न आहे असं सांग की. आठवण काढलीय, येऊन जा, हा काय निरोप झाला?"

"काकू, कुमाला लग्नाचं आमंत्रण ट्रकवाल्याच्या तोंडून द्यायचं?"

"मग?"

"बुधलीनं द्यायचं," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. सगळ्यात आधी कुमाला, घरच्या आलुबुखाराच्या दारूनं, राकियानं, भरलेली लाकडी बुधली हातात देऊन, आपल्या तोंडानं. कुमाला लग्नाची बातमी दुसरीकडून कळली तर तो अपमान, आणि असा अपमान आमच्याकडं नातवापर्यंत लक्षात ठेवतात. बुधली तयार होती. मिलुंकानं तिला फुलांचा हार आणि लाल लोकर बांधून फळीवर ठेवली होती. तरी मनातून मला तो निरोप आवडला नव्हता. तूझ्लात बसलेल्या माणसाला तो कसा ऐकू येईल याचा विचार कुणी केलाच नाही, आणि मी करूनही अर्धवटच केला.

उन्हाळा सरला, गाड्या आटल्या. पानं पिवळी पडली. अशात एक दिवस मिठाच्या गोण्यांचा ट्रक थांबला, तूझ्लाच्या पाटीचा. ड्रायव्हर आत आला, कॉफी मागितली, आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. बाहेर याद्रान गटार साफ करत होता. पाटी दिसताच तो धावत आत आला आणि आपलं नेहमीचं पारायण सुरू केलं. ड्रायव्हर म्हणाला, "नाही बाबा, असा कुणी माहीत नाही." हे म्हणताना त्याचे कान लालबुंद झाले. याद्रान बिचारा कामाला परत गेला. मी माझी कॉफी घेऊन ड्रायव्हरच्या समोर येऊन बसले.

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला," मी म्हटलं. "सराव करत जा."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "आमच्या कारखान्यात एक माणूस आहे. त्यानं सांगितलं, त्या वळणावर थांब आणि तिथं एखादा तरुण मुलगा आहे का बघ. विचारू नको काही, नुसतं बघ."

"आणि नसता तर?"

"तर मला येऊन सांग, रस्ता बंद होता, मी दुसरीकडून गेलो. असंच सांग, म्हणाला."

मी डोकं खाजवत राहिले. जो माणूस विचारायला घाबरतो आणि खोटं उत्तर आधीच मागून ठेवतो, त्याला नेमकं काय हवं असतं? "त्याला सांगा मुलगा आहे," मी म्हटलं. "आणि सांगा, कोसारा म्हणाली की तू स्वतः ये, नाही तर ती येईल." याद्रानला मी यातलं काही सांगितलं नाही. पोराला आशा लावायची आणि माणूस यायचा नाही, हे मला बघवलं नसतं.

मित्रोवदान चार दिवसांवर आला. वुकोमाननं चक्कर मारून आठवण करून दिली. मिलुंकानं बुधलीवरचा सुकलेला हार बदलला.

दुपारी एक माणूस पायी वर चढून आला. पांढरे केस, जरा वाकलेला, पोट सुटलेलं. मी ओळखलं नाही, खरं सांगते. कॉफी दिली, तर त्यानं साखरेचा खडा कॉफीत बुडवून दातात धरला. आमच्याकडं असं कुणी पीत नाही, ही द्रिना नदीच्या पलीकडची, बोस्नियातली पद्धत. मी कान टवकारले. तो पीत मात्र नव्हता. खिडकीतून रस्त्यापलीकडं याद्रानकडं बघत होता.

"तो मुलगा कुणाचा?"

"मिलुंकाचा. का?"

"तिला मुलं किती?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं, कारण मला माझ्या घरात उलटे प्रश्न आवडत नाहीत.

त्यानं कप खाली ठेवला. "बाई, रागावू नका. याच्या आधी तिला एक मुलगा होता. पुष्कळ वर्षं झाली. मला एवढंच सांगा, हा त्याच्यानंतरचा का?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी काय काय तर्क केले होते, गर्विष्ठ झाला असेल, विसरला असेल, धर्म आड आला असेल. हे मात्र सुचलं नव्हतं.

"नंतरचं कुणी नाही," मी म्हटलं. "हाच तो. याचीच बट कापलीस तू, हायरो."

त्यानं दोन्ही हातांत तोंड झाकलं. मोठा माणूस असा रडताना बघणं फार कठीण असतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. मग तो तुटक तुटक बोलला. त्या वर्षी ते उझित्सेला हनिफाच्या भावाला भेटून या रस्त्यानं आले होते, एरवी त्यांचा समुद्राचा रस्ता मोस्तारवरून. त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्यांचा स्वतःचा मुलगा गेला होता, एवढासा. "त्याचीही पहिली बट मीच कापली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्या हाताला लहान मूल लाभत नाही. आजीपुढं नाही म्हणता आलं नाही. पुढच्या वर्षी गाडी काढली, उझित्सेच्या फाट्यापर्यंत आलो, आणि वळवली. मग दरवर्षी मोस्तारवरूनच. आणि आता निरोप आला, त्या घरानं आठवण काढलीय. मला वाटलं, थडगं दाखवायला बोलावतायत."

दारात हनिफा येऊन उभी होती. गाडी वळणाच्या खाली ठेवून ती त्याच्या मागोमाग चढून आली होती. "दरवर्षी सांगत होते मी याला," ती मला म्हणाली. "भावाला भेटायचं तरी हा मला आगगाडीनं पाठवायचा, एकटीला."

मी दार उघडून याद्रानला हाक मारली. तो हात पुसत आला. उंबऱ्यावर थांबला, एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं.

"हा तुझा कुम," मी म्हटलं.

याद्राननं एक क्षण पाहिलं, आणि पाठ फिरवून पळाला. तसाच चिखलाच्या बुटांनी, घराकडच्या चढावर.

"गेला," हायरो म्हणाला. त्याच्या तोंडावर रंग उरला नव्हता. "त्याचा काय दोष. जावं आपण."

"बस खाली," मी म्हटलं. "एवढी वर्षं बसलास तिकडं, आणखी थोडा बस."

याद्रान आला तो धापा टाकत, छातीशी बुधली धरून, मागून मिलुंका डोक्याचा रुमाल सावरत. सगळ्या उन्हाळाभर त्यानं ते आमंत्रणाचे शब्द पाठ केले होते, घराण्याच्या नावानं, आजोबांच्या नावानं, मोठं लांबलचक असतं ते. त्यातलं एक अक्षर त्याला आठवेना. त्यानं नुसती बुधली पुढं केली. "माझं लग्न आहे, कुमा. चला."

हायरोनं हात पुढं केला नाही. "आधी मला विचार," तो म्हणाला. "का आलो नाही ते विचार."

"का नाही आलात?"

"मला भीती वाटली. तू नसशील म्हणून."

याद्रानला ते पटकन कळलं नाही. त्यानं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटलं, आणि तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मी तर इथंच होतो, कुमा. रोज."

हायरोनं दोन्ही हातांनी बुधली घेतली.